उन्हाची बरणी

वैशाखातली दुपार. तळोद्याच्या वैशाखातली, हे मुद्दाम सांगतो. कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना वैशाख म्हणजे आंब्याचा महिना वाटतो, आम्हां सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो भट्टीचा महिना वाटतो. जेवण आटोपून मी पंख्याखाली आडवा झालो होतो. डोक्यावर गच्चीत सहा चकचकीत सौर पॅनेले तळत होती, आणि त्यांच्या विजेवर आपला पंखा फिरतो आहे या विचाराने मला पंख्याच्या वाऱ्यापेक्षाही अधिक गार वाटत होते. इतक्यात पंखा घरघरला आणि थांबला.

मी उठून बटणे खालीवर केली. फ्रीज मुका, दिवे मुके. बाहेर पाहिले तर ऊन असे की डोळे उघडवेनात. शेजारचे नाना ओट्यावर येऊन उभे होतेच. गेले वर्षभर मी त्यांना माझ्या वीजबिलाचा आकडा दर महिन्याला न चुकता ऐकवीत आलो होतो. त्याचा सूड घेण्याची संधी त्यांना आज सापडली.

"काय सर," ते म्हणाले, "सूर्य बी गया का लोडशेडिंगमा?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बत्तीस वर्षे मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवले. ओहमचा नियम मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पण गच्चीवर तीन किलोवॅटची वीज तयार होत असताना खाली पंखा का थांबावा, हे मला ठाऊक नव्हते. फिटरला फोन लावला. तो बिचारा जेवत होता. "सर, ते असंच असतं. लाईट गेली की सोलर बंद," एवढे सांगून त्याने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला असावा.

'असंच असतं' या उत्तरावर विद्यार्थ्यांचे समाधान होते. मास्तरांचे होत नाही. दोन दिवस पुस्तके आणि माहितीपत्रके उलथीपालथी केली तेव्हा उलगडा झाला, आणि तो वाचकांनाही सांगतो, कारण २०२४ च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाल्यापासून गावोगाव गच्च्या चकाकू लागल्या आहेत आणि माझ्यासारखे फसणारे पुष्कळ निघतील. आमच्या गच्चीवरची वीज घरात लागते तेवढी वापरली जाते, उरलेली रस्त्यावरच्या तारेत जाते. नेट मीटर दोन्हींचा जमाखर्च ठेवतो. आता समजा, कुठे तार तुटली आणि वायरमन खांबावर चढला. त्याने मागून वीज बंद केली आहे, तो निश्चिंत आहे; आणि माझ्या गच्चीवरून त्याच तारेत वीज येतेच आहे! त्या माणसाच्या जिवासाठी इन्व्हर्टरला अशी शिस्त लावलेली असते की तारेतली वीज गेली की त्यानेही तत्क्षणी थांबावे. म्हणजे माझी पॅनेले स्वतंत्र नव्हतीच. ती तारेचा हात धरून चालणारी पोरे होती. हात सुटला की जागच्या जागी उभी.

"मग रात्रीचं काय?" सौ.ने विचारले.

"रात्री ऊन नसतं," मी म्हटले.

"ते मलाही कळतं. पण कैऱ्या उन्हाळ्यातच येतात म्हणून आपण दिवाळीत लोणचं खात नाही का? ऊन घालून ठेवायला बरणी नसते का काही?"

असते. तिला बॅटरी म्हणतात. पण ती बरणी महाग, शिवाय सरकारी अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात, बरणीवर नाही. तीन किलोवॅटला मला अठ्ठ्याहत्तर हजार मिळाले होते. म्हणून फिटरने ती सुचवली नव्हती आणि मी विचारली नव्हती. प्रकरण तेथेच थांबले असते. पण मार्गशीर्षात माझा एक जुना विद्यार्थी बाजाराच्या निमित्ताने घरी आला. तो पावरा समाजातला, अक्राणीच्या डोंगरातला. आमच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकला, आता पाड्यावर शेती करतो. त्याला मी माझी फजिती सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडं वीज आलेली नाही. पण लाईट जात नाही."

हे वाक्य मला असे काही लागले की चौथ्या दिवशी मी जीपमध्ये बसून चांदसैली घाट चढत होतो.

ज्यांनी धडगावचा मुलूख पाहिलेला नाही त्यांना तेथे तार पोहोचायला एवढा उशीर का व्हावा हे कळणार नाही. आपल्याकडे गाव म्हणजे घराला घर लागून. तेथे गावाचे दहाबारा पाडे, आणि पाडा म्हणजे प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. एका घराहून दुसऱ्या घराला हाक ऐकू जाते, पण जायचे म्हटले तर नाला उतरून चढण चढावी लागते. दोन दिव्यांसाठी सहा-सात खांब डोंगरावर उभे करावे लागतात. त्यातून पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ताच राहत नाही, मग खांबाचे काय! आता पुष्कळ पाड्यांवर तारा गेल्या आहेत. माझ्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर खांब आले आहेत, तार यायची आहे. मधल्या काळात त्या खांबांवर कारल्याचे वेल मात्र चढले आहेत.

वाटेत एका वळणावर त्याने जीप थांबवली आणि खाली बोट दाखवले. दोन डोंगरांच्या फटीत पाणी चमकत होते, स्थिर आणि हिरवट. सरदार सरोवराचे पाणी ते. नर्मदेचे आणि तिला मिळणाऱ्या उदई नदीचे. "बिलगाव तिकडं," तो म्हणाला. मग पुढच्या वळणापर्यंत कोणी बोलले नाही.

बिलगावची हकीकत महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. उदई नदीला तेथे धबधबा आहे. केरळातून आलेल्या अनिल आणि मधू या दोन तरुण अभियंत्यांनी, नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाने, त्या पाण्यावर पंधरा किलोवॅटचे छोटे वीजघर उभे केले. २००३ च्या जानेवारीत त्या विजेवर पाड्यांमध्ये दिवे लागले. माझा विद्यार्थी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. डोक्यावरून वाळू वाहिल्याने मान आठ दिवस वळत नव्हती, असे तो आजही मोठ्या अभिमानाने सांगतो. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटात ओढ्याच्या पाण्यावर गावात दिवा लागतो, तो प्रसंग पुष्कळांनी डोळे पुसत पाहिला असेल. त्या कल्पनेमागे बिलगाव होते असे म्हणतात. चित्रपटातला दिवा अजून जळतो. बिलगावचे वीजघर २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेले. त्या धरणाची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॅट. तीत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली तेहतीस गावे तिच्यासाठी पाण्याला लागली. पंधरा किलोवॅट बुडवून १४५० मेगावॅट उभे राहिले, आणि त्या मोठ्या विजेची तार ज्यांचे बुडाले त्यांच्या पाड्यावर यायला पुढे किती पावसाळे गेले ते खांबांवरच्या वेलांना विचारावे. यावर मोठमोठ्या माणसांनी मोठमोठे वाद घातले आहेत. मी मास्तर, मला फक्त एवढे दिसते की हिशेबाच्या वहीत एक रकाना भरायचा राहिला.

घर आले. कुडाच्या भिंती, वर कौले, अंगणात मका. कौलांच्या कडेला बांबूच्या मांडवावर दोनशे वॅटचे एक पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवलेले. २०१७ साली 'सौभाग्य' योजना निघाली, तीत तार न पोहोचणाऱ्या घरांना असा संच देण्याची तरतूद होती: दोनशे ते तीनशे वॅटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे आणि एक पंखा. आत ज्वारीच्या कणगीशेजारी फळीवर बॅटरी होती. तिच्यावर कोणी काही ठेवू नये म्हणून तिला हळदीकुंकू वाहून ठेवले होते. युक्ती नामी आहे. आमच्या प्रयोगशाळेत ती सुचली असती तर पुष्कळ उपकरणे वाचली असती.

"ही दुसरी," विद्यार्थी म्हणाला. "पहिली आम्ही मारली."

पहिलीच्या मृत्यूची कथा ऐकण्यासारखी आहे, कारण अशीच ती गावोगाव मरते. संच आला तेव्हा साऱ्या पाड्यात अप्रूप. कोणी मोबाइल लावायला येई, कोणी नुसते पंख्याखाली बसायला. एक दिवस क्रिकेटचा सामना होता. एकाने टीव्ही आणला. संचाबरोबर जी नियंत्रकाची पेटी असते ती बॅटरी फार उतरली की वीज तोडते. ही पेटी सामन्याच्या मध्येच वीज तोडू लागली. तेव्हा एका हुशार माणसाने पेटीला बगल देऊन तारा थेट बॅटरीला जोडल्या. सामना पुरा झाला. पुढे पाणी कमी झाले तेव्हा डिस्टिल्ड पाणी धडगावहून कोण आणणार, म्हणून ओढ्याचे घातले. शिशाच्या बॅटरीला हे दोन्ही सोसत नाही. ती पूर्ण रिकामी केली, किंवा अर्धवट भरून पडू दिली, की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा थर घट्ट धरतो आणि मग तीत वीज मावेनाशी होते. ओढ्याच्या पाण्यातले क्षार उरलेले काम करतात. दीड वर्षात बॅटरी गेली.

दुसरी घ्यायला घरात पैसे नव्हते. त्या उन्हाळ्यात घरातल्या बायकांनी कैऱ्या वेचल्या, चिरल्या, उन्हात वाळवल्या आणि आमचूर विकला. अक्राणीचा आमचूर प्रसिद्धच आहे. त्या पैशांत जी आली ती लहान, ७५ अँपिअर-अवरची. सौ.ला मागाहून हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ऊन वाळवून त्यांनी उन्हाचीच बरणी घेतली!" खरे म्हणजे आमच्या जिल्ह्याला ही विद्या नवीन नव्हे. नंदुरबारच्या बाहेर मैदानेच्या मैदाने लाल मिरचीच्या पथाऱ्यांनी झाकलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना, ऊन साठवून वर्षभर खाणे म्हणजे काय, ते निराळे सांगायला नको.

दुसऱ्या बॅटरीचा ताबा घरातल्या मुलीने घेतला. माझ्या विद्यार्थ्याची ही मुलगी दहावीत आहे. बोलते थोडे, पाहते फार. तिने माझ्यासमोर एक वही ठेवली. आखलेले रकाने: तारीख, ऊन कसे, संध्याकाळचा आकडा, सकाळचा आकडा. आकडा म्हणजे बॅटरीचा दाब. दोनशे रुपयांच्या मीटरने ती रोज दोनदा मोजते. १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली गेले की पंखा बंद, पाहुणा असला तरी. १२ ला आले की एकच दिवा, चुलीपाशी. शेजाऱ्यांचे मोबाइल दुपारी बारा ते तीन, संध्याकाळी कोणी आणला तर, "उद्या." एवढी कडक शिस्त मी वर्गात कधी राखू शकलो नाही.

"हे तुला कोणी शिकवलं, पोरी?" मी विचारले.

"पुस्तकात आहे थोडं," ती म्हणाली. "बाकी पहिली बॅटरी मेली तेव्हा."

वही चाळताना भाद्रपदाच्या पानावर मी थांबलो. सात दिवसांपुढे 'ऊन कसे' या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते आणि आकडा पायरी पायरीने खाली आला होता. १२.४, १२.३, १२.२, १२.१. सहाव्या संध्याकाळी ११.९. आणि त्यापुढे, जेथे सकाळचा आकडा असायचा तेथे आकडा नव्हता. तारखेखाली नुसती एक रेघ मारलेली.

"इथे विसरलीस?"

ती काही बोलली नाही. तिच्या आजीने कोपऱ्यातून पावरीत काही सांगितले. विद्यार्थ्याने मला मराठीत सांगितले ते असे. त्या आठवड्यात झड लागली होती. ढगांतूनही पॅनेल थोडीशी वीज देते, पण रोजच्या खर्चाला ती पुरत नाही. घरात मुलीची काकू नवव्या महिन्यात होती. दवाखान्यात हलवायचे ठरलेही होते, पण दरडीने रस्ता बंद झाला. मुलीने पाचव्या दिवसापासून घरात हुकूम काढला की जेवणे उजेड आहे तोवर उरकायची. स्वतःचा अभ्यास तिने दिवसा आटोपला. रात्री घरात फक्त चुलीचा उजेड. आजी रागावली, बाप रागावला. दिवे असून अंधारात कशाला बसायचे? ती म्हणाली, काकूसाठी ठेवायचे आहे. सहाव्या रात्री नवाच्या सुमारास कळा सुरू झाल्या. आशाताई नाला ओलांडून भिजत आल्या. मुलीने दोन दिवे काढून बांबूला बांधले आणि बाकी साऱ्या तारा सोडवून ठेवल्या. रात्रभर ती बॅटरीपाशी मीटर घेऊन बसली होती. आकडा कितीवर गेला की पेटी वीज तोडेल आणि मग ऊन पडेपर्यंत पुन्हा जोडणार नाही, हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होते. पहाटे पाचला बाळ झाले.

मी त्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून पाहिला. सवय जात नाही. ११.९ म्हणजे ७५ पैकी फार तर पंधरा अँपिअर-अवर शिल्लक. त्यांना बाराने गुणले की १८० वॅट-अवर. नऊ वॅटचे दोन दिवे आठ तास, म्हणजे १४४. उरले छत्तीस, तेही कागदावर. आदल्या दोन रात्री नेहमीसारखे दिवे जळले असते तर वजाबाकी जमली नसती. मी हिशेब तिच्यापुढे सरकवला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "मी पण असाच केला होता. पण मी दिवे सहा तास धरले होते."

बाळ तीन महिन्यांचे झाले आहे. मुलगी आहे. ती कणगीशी झोळीत झोपली होती.

घरी आल्यावर मी बरणी घ्यायचे ठरवले. बॅटरीवाल्याकडे गेलो तर त्याने दहा युनिटांची सुचवली. "सर, घ्यायची तर मोठीच घ्या, एसी पण चालेल." आमच्याकडे एसी नाही. पण त्याचे म्हणणे ऐकून तो असावा असे मला क्षणभर वाटू लागले, हेही प्रांजळपणे सांगतो. मग मुलीची वही आठवली. सौ. आणि मी कागद घेऊन बसलो. रात्री आपल्याला लागते काय? नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, १३५ वॅट-अवर. पंखे दोन, आठ तास. जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे, म्हणजे १२००. येथे आमचा कागद अडला. तेच नव्या बीएलडीसी जातीचे पंखे घेतले तर तीस वॅटच्या आतबाहेर, म्हणजे ४८०. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पंखा बदलणे स्वस्त पडते हे मला कोणत्याही दुकानात सांगितले नव्हते. फ्रीजला रात्रीचे पाचशे धरले. एकूण सुमारे ११०० वॅट-अवर, म्हणजे साधारण सव्वा युनिटाच्या आत. अडीच युनिटांची बॅटरी आम्हांला एक रात्र पुरून दुसरीला थोडी उरते.

शिशाची की लिथियमची, हा प्रश्न राहिला. शिशाची बॅटरी ही जुनी आजी आहे. फ्रान्सच्या प्लाँते यांनी ती १८५९ साली केली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा सौर घट १९५४ सालचा, तोही उन्हातला जेमतेम सहा टक्के भाग विजेत आणणारा. तेव्हा या लग्नात वधू वरापेक्षा पंचाण्णव वर्षांनी मोठी! शिशाची स्वस्त, कोठेही मिळते, पण निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, पाणी पाहावे लागते, आणि भरताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो म्हणून खोलीला वारा हवा. लिथियम लोह फॉस्फेटची महाग. परंतु तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, पाणी घालावे लागत नाही आणि हजारो वेळा भरता-उपसता येते. आम्ही लिथियमची घेतली. मात्र नुसती बॅटरी आणून भागत नाही. जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड बसवावा लागला. तारेतली वीज गेली की हा गृहस्थ आधी घर तारेपासून तोडतो आणि मगच बॅटरीची वीज घरात सोडतो, म्हणजे खांबावरचा वायरमनही सुरक्षित आणि खाली मीही पंख्याखाली. हे सारे एकदमच, पॅनेल बसवतानाच केले असते तर एका इन्व्हर्टरचे पैसे वाचले असते. वाचकांपैकी कोणी बसवण्याच्या बेतात असेल तर माझ्या खिशाला पडलेल्या या भोकाचा त्याने फायदा घ्यावा.

आणखी एक गंमत त्यानंतर कळली. मला वाटे, वैशाखात वीज सर्वांत जास्त व्हायची. पण पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.४ टक्क्याने घटते, आणि आमच्या वैशाखात गच्चीवरचे पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत सहज तापते. चाळीस अंशांची वाढ म्हणजे सोळा टक्के वीज हवेत. तेव्हा घाम फक्त आम्हांलाच येतो असे नाही.

अश्विनात एके संध्याकाळी वादळी पाऊस झाला आणि साऱ्या गल्लीची लाईट गेली. आमच्याकडे पंखा फिरत राहिला. मी मुद्दाम ओट्यावर जाऊन उभा राहिलो. पण नाना काही बाहेर आले नाहीत. थोड्या वेळाने त्यांची नात मात्र मोबाइल आणि चार्जर घेऊन आली, आणि पाठोपाठ समोरच्या घरातून दोन. सौ.ने सगळे लावून घेतले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. धडगावकडेही पाऊस होता. पाड्यावर तार आली का, हे मी विचारले. "आली सर," मुलगी म्हणाली, "दसऱ्याला आली. आज गेली." मग बॅटरी काढून टाकली का, असे विचारताच तिला तो प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "कशाला काढायची?" ती म्हणाली. आणि लगेच, "तुमचा आकडा किती, सर?"

लिथियमच्या बॅटरीचा दाब बराच वेळ जागचा हलत नाही, त्यामुळे तिला व्होल्ट सांगून उपयोग नव्हता. मी पेटीवरची पट्टी पाहिली आणि म्हटले, "एकसष्ट टक्के."

"काय काय चालू आहे?"

दिवे, फ्रीज, दोन पंखे आणि नानांच्या नातीसकट तीन मोबाइल, असे मी सांगितले.

"तुम्ही दोघंच ना घरात?" ती म्हणाली. "मग एका खोलीत झोपा. एक पंखा बंद करा."

मी उठून बंद केला.